कुणाच्या हातचं पाणी

नांदुऱ्याच्या फलाटावर एक म्हातारी नळाखाली बाटली धरून उभी होती. आधी तिनं चूळभर पाणी तोंडात घेतलं, घोळवलं, गिळलं, मान हलवली आणि मगच बाटली भरायला घेतली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "गोड हाये का पाह्यलं, बाप्पा. आमच्याकडचं पानी लय खारं हाये."

वऱ्हाडात पाण्याला गोड म्हणतात ते साखरेमुळे नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावतीपासून अकोल्यावरून बुलढाणा जिल्ह्यापर्यंत खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर जितकी खोल खणाल तितकं पाणी खारट होत जातं. या पट्ट्यात लेकीचं स्थळ पाहताना जमीन किती, याच्या जोडीला पाणी कसं, हेही विचारलं जातं. मलकापूर ओलांडून रेल्वे पूर्वेकडे निघाली की हा मुलूख सुरू होतो. खाली काळी कपाशीची जमीन, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि नांदुऱ्यात हमरस्त्यालगत उभा असलेला एकशे पाच फुटी हनुमान. पुढे जलंब, मग शेगाव. गाडीतले निम्मे लोक गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेले असतात. ख्रिस्ती माणूस या जिल्ह्यात शेकड्याला एकही भरत नाही.

तरी ख्रिस्ती श्रद्धेतून मिळालेल्या नव्या आयुष्याची गोष्ट लिहायची ठरल्यावर मी आलो तो इथेच, कारण त्या गोष्टीतला मुख्य माणूस या रुळांवरून गेला होता. १८९५ सालच्या सुरुवातीला नागपूरकडून मुंबईला जायला आगगाडीची दुसरी वाट नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८६७ मध्ये नागपूरला टेकले होते. तीन वर्षांनी, १८७० मध्ये, जलंबहून खामगावचा फाटा निघाला. खामगावच्या कापसासाठी काढलेल्या त्या फाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं आला होता. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं आणि कारभाराला इंग्रजांचं होतं. गाड्या धावत होत्या त्या कापसासाठी. त्यांच्यातून माणसंही जात, आणि एखाद्या माणसाच्या डोक्यात कापसाहून भारी काहीतरी असे.

हा माणूस म्हणजे नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन, संस्कृतात मुरलेला, शीघ्रकवी, वक्ता. आणि संसारी म्हणून जवळजवळ निकामी. एका गावात महिनोन्महिने टिकायचं नाही, नोकरी धरायची नि सोडायची, खिशातला शेवटचा रुपया रस्त्यावरच्या कुणाला तरी देऊन घरी रिकाम्या हातानं यायचं, मनात आलं की न सांगता निघून जायचं. राग असा की घरातली भांडी थरथरावीत. हे सगळं आपल्याला माहीत आहे ते त्यांच्या बायकोनं लिहून ठेवलं म्हणून. लक्ष्मीबाईंनी ते तक्रारीच्या सुरात लिहिलं नाही, हसत लिहिलं. ते वाचून आपण हसतो आणि मागाहून गप्प होतो.

१८९०च्या पुढेमागे टिळक नागपुरात होते. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम चाललं होतं. 'ऋषी' नावाचं धर्मचर्चेचं मासिकही त्यांनी चालवलं. जातिभेदानं पोखरलेला समाज एकत्र बांधील असा एखादा धर्म हवा, असं त्यांच्या डोक्यात घोळत होतं. तो आपणच स्थापावा असंही त्यांना वाटत होतं. तिशीतल्या हुशार माणसाला असं वाटतं, त्यात नवल काही नाही.

१८९३ मध्ये नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्यानं अदबीनं जागा दिली. बोलणं संस्कृत काव्यावर सुरू झालं आणि धर्मावर आलं. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक घेतलं होतं आणि वाचण्याचा शब्दही दिला होता. पेन्सिल हातात घेऊन, ठराविक पानं रोज, असं वाचन सुरू झालं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. त्यांच्या मनात इतके दिवस घोळत असलेल्या प्रश्नांना तिथे उत्तरं सापडत होती. पुढे मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी गुपचूप पत्रव्यवहार सुरू झाला. हेच अ‍ॅबट म्हातारपणी तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई इंग्रजीत नेणार होते, हे इथेच सांगून ठेवतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. डब्यातल्या साहेबाचा हिशेब चुकला नाही. टिळकांना मात्र त्याचं नाव कधीच कळलं नाही.

ही हकिकत ख्रिस्ती देवळांत साक्ष म्हणून शेकडो वेळा सांगितली गेली आहे. ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष देणं' हा शब्द कोर्टातून आलेला नाही. देवानं माझ्या आयुष्यात काय केलं, हे मंडळीपुढे उभं राहून सांगणं म्हणजे साक्ष. साक्षीला एक घाट असतो. आधी अंधार, मग एक क्षण, मग उजेड. दारू सुटते, कर्ज फिटतं, नवरा-बायको पुन्हा बोलू लागतात. मला या साक्षींविषयी आदर आहे. एखादी बाई "माझ्या घरात आता मारहाण नाही" असं सांगताना रडते तेव्हा तिच्याशी तत्त्वज्ञानाचा वाद घालणारा माणूस मला आवडणार नाही. पण साक्षीत एक गोष्ट बहुधा राहून जाते. ज्याला नवा जन्म मिळतो तो एकटा जन्मत नाही. त्याच्या घरात दुसरी माणसं असतात, आणि त्या दिवशी त्यांच्यावर काय कोसळतं हे साक्षीत येत नाही.

मराठीला नवा जन्म ही कल्पना परकी नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्या आज्या सांगत आल्या. त्यात कळा गृहीत आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक वजनदार माणूस रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि विचारतो की म्हातारा झालेला माणूस आईच्या पोटात परत कसा जाणार? प्रश्न भाबडा वाटतो, पण सगळ्यात व्यवहारी प्रश्न तोच आहे. परत जन्मायचं तर ते कुणाच्या पोटी?

बाप्तिस्म्याच्या त्या दिवसासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. देवळात म्हणतात 'नवा जन्म झाला'. गल्लीत म्हणतात 'बाटला'. गाव बाटायला विहिरीत पावाचा तुकडा टाकला तरी पुरे, अशी समजूत कोकण-वसईकडे पोर्तुगीज काळापासून आहे. म्हणजे बाटण्याचा मार्ग पुन्हा पाणीच. आणि बाप्तिस्म्याचाही पाणीच. एकच पाणी एका बाजूनं पाहिलं तर धुतं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर विटाळतं. एक आडवा प्रश्न इथे विचारायलाच हवा: ज्यांना गावानं आधीच विटाळ ठरवून वेशीबाहेर ठेवलं होतं, ते आणखी बाटणार कसे? त्यांच्यापुरता 'बाटला' हा शब्द रिकामाच होता. वऱ्हाडातल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास इथून सुरू होतो. टिळकांचा मात्र वरच्या टोकाकडून, म्हणून त्यांच्या बातमीनं जास्त खळबळ झाली.

बातमी घरी पोचली तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. मुलगा दत्तू जेमतेम चालता-बोलता झालेला. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी, माहेरचं नाव मनू गोखले. लग्न झालं १८८० मध्ये, अकरा-बारा वर्षांची असताना. वडिलांच्या घरी सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेले जिन्नस धुतल्याशिवाय घरात जात नसत. १८५७च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांचं, नाना गोखल्यांचं, मन जे फिरलं ते स्पर्शास्पर्शाच्या भोवऱ्यातच फिरत राहिलं. आयुष्यभर धूत बसलेल्या बापाची ही लेक. तिच्या नवऱ्यानं जगातल्या सगळ्यात न धुता येण्यासारख्या गोष्टीला हात लावला होता.

ती त्याच्याबरोबर गेली नाही. पतिव्रतेनं जावं तसं डोळे मिटून ती गेली नाही, आणि नवरा मेला असं समजून कपाळही पुसलं नाही. तिसरीच वाट तिनं धरली, जिला आपल्या भाषेत नाव नाही. नातलगांच्या आश्रयानं पंढरपुरात राहिली, मूल सांभाळलं, लोकांचं बोलणं ऐकलं, आजारी पडली, सावरली. नवऱ्याची पत्रं येत राहिली. जिवंत नवऱ्याची बायको असून त्याच्या घरी जायचं नाही, आणि विठोबाच्या गावात राहून त्याच्यासाठी झुरायचं, अशी ती वर्षं. त्या काळातलं आपलं वेडंपिसं होणं तिनं मागाहून लिहिलं ते एखादी शेजारीण सांगते तसं. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली तेव्हा मराठी वाचकाला कळलं की आपली भाषा इतकी सरळ बोलू शकते. नवऱ्यानं शिकवलं म्हणून ती लिहायला-वाचायला शिकली होती. पंडिताचं मराठी मात्र तिनं उचललं नाही. ते एक बरं झालं.

चार-पाच वर्षांनी ती अहमदनगरला नवऱ्याकडे आली. आली म्हणजे काय तर सोवळं बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं, भांडी वेगळी. नवरा ख्रिस्ती उपदेशक, बायको सोवळ्यात, आणि मध्ये एक अंगण. टिळकांचा स्वभाव पाहता ते एका दिवसात स्फोट करतील असं वाटावं. त्यांनी तसं केलं नाही. माझ्या मते टिळकांच्या परिवर्तनाची खरी खूण हीच. डोंगरावरचं प्रवचन पाठ होणं सोपं. तापट माणसानं बायकोच्या चुलीपाशी थांबून वाट पाहणं अवघड.

आणि मग तिचा निकाल तिनं स्वतः लावला. तिच्या मनात आधी मोडली ती जात, ख्रिस्त त्यानंतर आला. देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या, असं तिच्या डोक्यात लख्ख उतरलं आणि तिनं ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं आणि प्यायचं. मनानं ठरवलं तरी शरीर ऐकत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं सोवळं घशात बसलेलं असतं. पण घोट उतरला. १९०० मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. तो विधी मला दुय्यम वाटतो. कुणाच्या तरी हातून पाण्याचा पेला घेताना त्या बाईच्या घशात जे झालं असेल, तिचा बाप्तिस्मा तिथे झाला.

नांदुऱ्याच्या फलाटावर हे आठवायला कारण आहे. इंग्रजी अमदानीत आपल्या रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळे. बाक एक, गाडी एक, तहान एक, पाणी दोन. यात वेशीबाहेरच्यांसाठी तिसरं पाणी नव्हतं. त्यांनी ओंजळ धरायची आणि वरून कुणी ओतलं तर प्यायचं. १८९५ मध्ये टिळक इथून गेले तेव्हा मधल्या एखाद्या स्टेशनावर त्यांनाही तहान लागली असेलच. बाप्तिस्म्याला निघालेल्या चित्पावनानं कुठलं पाणी घेतलं असेल, हा विचार मला सोडत नाही.

शुभवर्तमानातही विहीर आहेच. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू दमून शोमरोनातल्या एका विहिरीवर बसतो आणि परजातीच्या बाईकडे पाणी मागतो. ती चकित होते. तुम्ही यहूदी, माझ्या हातचं पाणी कसं मागता? दोन हजार वर्षांपूर्वीच्या या बाईचा प्रश्न वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात समजावून सांगावा लागत नाही. तिचं पूर्वायुष्य, तिचे पाच नवरे, यावर प्रवचनकार फार वेळ घालवतात. गोष्ट सुरू होते ती देवाच्या माणसानं तिच्या हातचं पाणी मागण्यापासून. आधी मागितलं, देण्याचं बोलणं नंतर झालं. हा क्रम अनेक मिशनरी विसरले.

पंडिता रमाबाईंना हा क्रम माहीत होता, आणि त्यांचं नवं आयुष्यही एका दिवसात झालं नव्हतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्म्यानंतरही त्या मांसाहाराला शिवल्या नाहीत. अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालेना. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनना हा गर्व वाटला. रमाबाईंना तो स्वतःचा हक्क वाटला. दोघींच्या पत्रांतली खडाजंगी आजही वाचण्यासारखी आहे. धर्म बदलला म्हणून ताट बदलणार नाही, असं सांगणारी ही बाई, आणि तिकडे ताट बदलल्याशिवाय आपला धर्म बदलणार नाही हे ओळखलेल्या लक्ष्मीबाई. दोघी बरोबर होत्या. रमाबाईंनी पुढे लिहिलं की धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी मिळाला. १८९३ मध्ये, म्हणजे टिळक राजनांदगावच्या गाडीत बसले त्याच वर्षी, पुण्यात रमाबाईंच्या शारदासदनावर वादळ आलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातं म्हणून रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेक मुली काढून नेल्या गेल्या. ज्या सदनात ब्राह्मण विधवांसाठी सोवळ्याची चूल राखली होती त्याच्यावर हा आळ. पुढे केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी मुली आणि बायका आणल्या. १९२२ मध्ये मरणापर्यंत हिब्रू-ग्रीकवरून त्या मराठी बायबल करत राहिल्या. १९२४ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवणाऱ्या त्याच बायका, ज्यांना कधीकाळी अक्षरही पाहायला मिळालं नव्हतं.

मराठी बायबलच्या वाटेवर विदर्भही आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीनं १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला तेव्हा त्याच्यापाशी वैजनाथ पंडित होता. नागपूरच्या भोसल्यांची वंशावळी लिहिणारा हाच. मराठीतल्या पहिल्या छापील गद्याला नागपुरी वास आहे, असं म्हणतात ते यामुळेच.

आता वऱ्हाडाकडे. इथे आले ते अमेरिकन मिशनचे लोक नव्हते. न्यूयॉर्कमधल्या ए. बी. सिम्प्सन या कॅनेडियन पाळकानं १८८७ मध्ये उभारलेल्या चळवळीतून निघालेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सनं अकोल्यात ठाण मांडलं आणि मग याच रेल्वेच्या कडेकडेनं खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव अशी त्यांची ठाणी पसरली. अकोल्याच्या फुलर दांपत्यातल्या जेनी फुलर यांनी हिंदुस्थानी स्त्रियांच्या हालअपेष्टांवर लिहिलेलं पुस्तक १९०० मध्ये निघालं, त्याला प्रस्तावना रमाबाईंची आहे. म्हणजे केडगाव आणि वऱ्हाड यांची दोरी जोडलेली होती.

त्याच वर्षी छप्पन्नचा दुष्काळ. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. कपाशीच्या काळ्या जमिनीला भेगा पडल्या, गुरं मेली, माणसं स्टेशनांच्या कडेनं येऊन पडली, कारण धान्य येणार ते गाडीनं. अलायन्सनं अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांची मुळं बहुधा या दोन आवारांत सापडतात.

यावर एक ठरलेला आक्षेप आहे: पोटासाठी बाटले. तो मी झटकणार नाही. सात वर्षांच्या पोरीनं भाकरीबरोबर मिळालेला देव निवडला, असं म्हणता येत नाही. तिला निवड होतीच कुठे? आश्रमात नाव बदललं, प्रार्थना बदलली, घरी परतायला घर उरलं नव्हतं. मिशनच्या अहवालांत मुलांची संख्या वाचताना मला अस्वस्थ वाटतं. मोजणी पेरणीची आहे की धान्याची, कळत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. ती पोरगी स्टेशनवर पडली होती तेव्हा तिच्या बापाच्या धर्मातली भाकर कुठे होती? भूक लागलेल्याला भाकर आणि देव वेगळे दिसत नाहीत. तुकोबांच्या महाराष्ट्रात हे कुणी सांगायला नको. या मुलींची पुढची पिढी शाळांत शिकवायला लागली, दवाखान्यांत नर्स झाली. 'मिशनच्या बाई' हा शब्द वऱ्हाडात आदरानं उच्चारला जाऊ लागला.

टिळक स्वतः मिशनच्या या हिशेबी वृत्तीवर वैतागलेले असत. आपल्या देशातल्या ख्रिस्ताला परदेशी पगार आणि परदेशी कोट कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भजनं लिहिली ती अभंगाच्या वळणाची, कीर्तनं केली ती टाळ-मृदंगावर. मराठी ख्रिस्ती भजनपुस्तकात त्यांची शंभराहून अधिक पदं आहेत. आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसत. मिशनऱ्यांना ते फार रुचलं नाही. हिंदूंनाही नाही. साठीच्या उंबऱ्यावर आलेल्या माणसानं पुन्हा एकदा नवी सुरुवात करावी, तीही बिनपगारी, हे त्यांच्या जुन्या स्वभावाला धरूनच होतं. बाप्तिस्म्यानं सगळा स्वभाव जात नाही. लक्ष्मीबाईंना याची कल्पना होती.

पुढचं सांगायचं तर पाणी मागण्याची गोष्ट ख्रिस्ती लोकांपुरती राहिली नाही. १८६८ मध्ये जोतिरावांनी आपला हौद खुला केला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्यातून ओंजळ भरली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. वऱ्हाडातल्या वस्त्यावस्त्यांतून माणसं याच रुळांवरून तिकडे गेली. आज नांदुऱ्याच्या आजूबाजूच्या गावांत पंचशीलाचा पंचरंगी झेंडा जागोजाग दिसतो आणि क्रूस क्वचित. एकाच वस्तीतले दोन भाऊ, त्यातला एक बुद्धाकडे गेला, एक ख्रिस्ताकडे. दोघांनी सोडलं ते एकच गाव. सरकारी कागदावर मात्र त्यांची वाट वेगळी होते. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात जवळजवळ हिंदूच होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही नाहीत. नव्या जन्माची ही फी प्रवचनात कुणी सांगत नाही, तहसील कचेरीच्या खिडकीवर कळते. आणि सातपुड्याची ती निळी रेघ ओलांडली की मध्य प्रदेश. तिथे १९६८ पासून धर्मांतरावर कायद्याची नजर आहे. नवा जन्म झाला की नाही हे आता मॅजिस्ट्रेटलाही कळवायचं. निकदेमाला हे सुचलं नव्हतं.

या भागातली रविवारची उपासना साधी असते. चपला बाहेर, बायका एका बाजूला, पेटी-तबला, कुठे आता की-बोर्ड. भजनाची चाल लागली की बाहेरून जाणाऱ्याला हे हरिपाठापेक्षा वेगळं काही चाललंय असं वाटणार नाही. साक्षीची वेळ येते तेव्हा बोलतात त्या बहुधा बायका. प्रत्येक साक्ष मी आता एका कानानं त्या घरातल्या न बोललेल्या माणसासाठी ऐकतो. नवरा वाचला असेल तर बायको काय म्हणते? सून प्रार्थनेला लागली असेल तर सासूची चूल वेगळी झाली का? कुणी वाट पाहतंय का?

नगरच्या टिळकांच्या घरात वाट पाहायची सवय लागली होती. पोरकी, परकी, नातीगोत्यातली नसलेली मुलं तिथे येऊन राहत. त्यात एक पोरगा होता धरणगावचा, त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं होतं, तिथे डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं आणि तिथून टिळकांनी त्याला जवळ केलं. लक्ष्मीबाईंच्या हातचं तो जेवला, हट्ट केले, भांडला, रुसला. ख्रिस्ती झाला नाही. त्या घरात तशी अटही नव्हती. एके काळी वेगळी चूल मांडून बसलेल्या बाईच्या पंक्तीला एक हिंदू पोर ख्रिस्ती घरातलं अन्न खात बसलं होतं आणि कविता म्हणत होतं. मिशनच्या कुठल्याही अहवालात ही मोजणी झाली नसेल.

५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना बालकवी गाडीखाली गेले. वय सत्तावीस. वर्षभरानं, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य त्यांनी सुरू केलं होतं, त्याचे पहिले काही अध्याय झाले होते. उरलेलं लक्ष्मीबाईंनी लिहिलं, ज्यांना लग्नात धड अक्षरओळख नव्हती. आणि १९३६च्या फेब्रुवारीत त्या गेल्या तेव्हा 'स्मृतिचित्रे' पुरी व्हायची होती. ती दत्तूनं पुरी केली.

परतीची गाडी संध्याकाळची होती. ती म्हातारी माझ्याच डब्यात निघाली, मलकापूरपर्यंत. बसल्या बसल्या तिनं पिशवीतून स्टीलचा पेला काढला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि मला विचारलं, "घेता का जी? गोड हाये." मी पेला घेतला. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मलकापुरात ती उतरली, रिकामी बाटली नळाखाली धरायला गेली आणि आधी चूळभर तोंडात घेतलं. भुसावळ गेलं. भादलीला आमची गाडी थांबत नव्हती.